घराकडे जाणारी गाडी

२ डिसेंबर

राष्ट्रीय दिनाचं झेंडावंदन उरकलं आणि लगेच तालुक्याच्या कचेरीत आम्हा सगळ्या नायबानांना, म्हणजे वस्तीप्रमुखांना, बसवून घेतलं. नव्या वर्षापासून आसियानचं अध्यक्षपद आपल्या देशाकडे. शेजारपाजारच्या सगळ्या देशांचे मंत्री जानेवारीअखेर पहिल्या बैठकीला व्हिएन्तियानला येणार, आणि विमानतळावरून शहरात येणारा रस्ता आमच्या नोंगकेओ वस्तीच्या तोंडावरून जातो. तालुक्याचे फोनसाय साहेब म्हणाले, "पाहुण्यांना लाओस पहिल्यांदा दिसेल तो तुमच्या दारात." छाती फुगली, खोटं कशाला बोलू! इतकी वर्षं या वस्तीचा नायबान आहे. आजवर देशाने माझ्याकडे भांडणं मिटवणं आणि गटारं उपसून घेणं यापलीकडे काही मागितलं नव्हतं.

घरी येऊन बुआवानला सगळं रंगवून सांगितलं. ती पडूनच होती. पोट पुन्हा फुगलंय, डोळे पिवळट दिसतात. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मंत्री थांबले तर विचार त्यांना, नायबान घरी कधी असतो म्हणून." बायकोपुढे कुणाचा मोठेपणा चाललाय?

९ डिसेंबर

बुआवानला इस्पितळात ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिव्हर आहे, पाणी काढावं लागेल.

निघण्याआधी तिच्या थोरल्या भावाने, थोंगदाम दादाने, तिच्या मनगटाला पांढरे दोरे बांधले. माणसाच्या अंगात बत्तीस जीव, एखादा भटकला की माणूस आजारी. दादा हाका मारून त्यांना परत बोलावतो. तरुणपणी तो बरीच वर्षं भिक्खू होता. आमच्या वस्तीत त्याच्याशिवाय ना लग्न लागत, ना प्रेत उठत. सगळ्यांनी दोरे बांधले. मी बांधताना गाठ बसेना, तेव्हा बुआवान हसली.

गाडीत बसल्यावर मात्र हसली नाही. माझी बाही धरून म्हणाली, "एक ऐक, म्हाताऱ्या. बरी झाले तर उत्तमच. नाही झाले तर जीव असेपर्यंत मला घरी आण. बाहेर मेले तर माझा सख्खा भाऊ मला जिना चढू देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. बाहेर मेलेल्याला घराचा राखणदार आत घेत नाही. मला रस्त्यावर ठेवू नकोस." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. ती म्हणाली, शब्द दे. दिला. हे घर तिनेच उभं केलंय. तिच्या मागावरची लुगडी विकून एकेक फळी आली, माझा पगार कुठे पुरत होता?

१६ डिसेंबर

रस्त्याकडची कुंपणं एका रंगात रंगवायची. रंग कमी पडला, म्हणून समोरची बाजू रंगवली, आतली तशीच. नूडल्स विकणाऱ्या विधवा बाईची गाडी महिनाभर मागच्या गल्लीत लावायला सांगितलं. तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

साप्ताहिक अहवालात लिहिलं, सर्व कुटुंबांनी आनंदाने सहमती दिली. विचारलं कुणालाच नव्हतं. पण सगळेच नायबान असं लिहितात आणि साहेबांनाही ते ठाऊक असतं. त्यात कुणाचं काय वाईट झालं? लिहिताना हात जराही अडला नाही.

२४ डिसेंबर

दुपारी इस्पितळात गेलो. बुआवान चांगली दिसत होती. केस विंचरलेले, ओठांना रंगही लावला होता! मी चेष्टा केली की इथे कोण तरुण डॉक्टर आहे वाटतं. म्हणाली, "आहे की. तुझ्यासारखा भाषणं करत नाही." भात खाल्लास का विचारलं तर म्हणाली पोटभर. थाळी खरंच रिकामी होती.

लात्सामी, आमची मुलगी, दिवसरात्र तिच्याजवळ असते. ती मात्र घुश्शात होती. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "आईचा भात मी खाते, बाबा. तुम्ही यायच्या आधी." म्हटलं, मग तूही नीट खात नाहीस वाटतं, इथलं खाणं बेचव असणारच. उद्यापासून घरून मासळी पाठवतो. ती वळून आत गेली. जागरणाने पोरगी चिडचिडी झालीय.

३ जानेवारी

देवळाच्या सभामंडपात वस्तीची बैठक झाली. फोनसाय साहेब स्वतः आले होते. बैठकीचे चार दिवस गल्लीच्या तोंडाशी आणि समोरच्या बाजूला अडसर लागणार. ताफा विमानतळावरून निघणार असा निरोप आला की रस्ता ओलांडायचा नाही, कुणीही नाही. सोडायचं कुणाला, यावर बोलणं झालं. बाळंतीण, आगीचा बंब, इस्पितळात न्यायचा आजारी. साहेब म्हणाले, इस्पितळाकडे जाणारी गाडी सोडायची, बाकी एकही नाही.

थोंगदाम दादा मागे बसला होता. त्याने विचारलं, "आणि इस्पितळातून घराकडे येणारी?"

साहेब म्हणाले, बरे होऊन येणारे चार तास थांबले तर काय बिघडलं?

"बरे होऊन येणाऱ्यांचं नाही म्हणत मी," दादा म्हणाला.

सगळ्यांना कळलं. इथे कोण आपल्या माणसाला इस्पितळात मरू देतं? शेवटचा श्वास असताना उचलून घरी आणतातच. साहेब माझ्याकडे बघू लागले. ते शिकलेले, परदेशात राहून आलेले. त्यांना काय सांगू, की बाहेर मेलेल्याचं भूत वेशीवर अडतं? पाहुण्यांच्या तयारीच्या बैठकीत? मला लाज वाटली, हे खरं आहे. मी उठून म्हणालो, "त्या चार दिवसांत आमच्या वस्तीत कुणी मरणार नाही साहेब, ही माझी हमी." सगळे खो-खो हसले, साहेबही हसले. विषय मिटला.

दादा हसला नाही. त्याला थट्टा कळतच नाही म्हणा.

११ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "आता घरी नेलंत तरी चालेल. घरी बरं वाटेल त्यांना." हे वाक्य कुठे आणि कशासाठी बोलतात हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येक वेळी त्याचा अर्थ तोच असतो असं थोडंच आहे? सूज उतरलीय, ती बोलते, थट्टा करते. घरी नेण्याइतकी सुधारली असंच त्या म्हणत असणार. आणि सुधारलीच असेल तर घाई कशाला! घरी सध्या रंगाचा वास, माणसांचा राबता, तिला आराम कुठला मिळायला? इथे निदान सुई-औषध वेळेवर होतं.

तिला म्हटलं, बैठक झाली की लगेच नेतो. तिने विचारलं कधी आहे तुझी बैठक. सांगितलं, पंचवीस ते अठ्ठावीस. तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "जा. झेंडे मोज तुझे. मला काय धाड भरलीय? थांबेन की."

मोठं ओझं उतरलं. बाहेर लात्सामीने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या ते कळलं ना बाबा?" म्हटलं, कळलं, सुधारणा आहे.

१९ जानेवारी

रंगीत तालीम. पोरांना झेंडे वाटले. मलेशियाचा झेंडा कुणाच्या हातात उलटा आहे ते बघण्यातच अर्धा दिवस गेला. समोरच्या अडसरावर सीफान न्हाव्याला नेमलंय. सरळ माणूस, सांगितलेलं डोक्यात पक्कं ठेवतो. परीक्षा म्हणून मी स्वतः स्कूटरवरून गेलो, घाई आहे म्हटलं. त्याने मलाच अडवलं. "नायबान, तुम्हीच सांगितलंय कुणीही नाही." पाठ थोपटली त्याची.

अहवाल पाठवला, तयारी शंभर टक्के.

२३ जानेवारी

बुआवानकडे फक्त अर्धा तास जाता आलं. कड बदलून झोपली होती. मी आल्याचं कळल्यावर डोळे न उघडताच म्हणाली, "आज नेशील?"

मी सांगितलं, उद्या सुरक्षेचे लोक घरोघर तपासायला येणार आहेत, परवापासून पाहुणे. आता राहिलेत किती दिवस?

"हो, खरंच की," ती म्हणाली. "सहज विचारलं."

पाय चेपून दे म्हणाली. ती असं कधी मागत नाही. बराच वेळ चेपले, पण पाय ऊब धरेनात. यंदा थंडीही फार आहे, सकाळी वस्तीत जागोजाग शेकोट्या असतात. येताना मन कसंतरी झालं. तिथून तसाच परत जाऊन तिला उचलून आणावं असं वाटलं, इतकं की स्कूटर थांबवली. मग फोनसाय साहेबांचा फोन आला.

२७ जानेवारी

काल लिहिता आलं नाही. आज लिहितोय, पण नीट जमेल का ठाऊक नाही.

काल दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी, आमच्या बाजूला उभा होतो. पोरं झेंडे घेऊन ओळीत. ताफ्याच्या वेळी फोन बंद ठेवायचे असा हुकूम, म्हणून माझा बंद होता. नंतर पाहिलं, लात्सामीने किती वेळा लावला होता. विमानाला उशीर झाला, पण अडसर उठले नाहीत. रस्ता मोकळा, एक सायकलसुद्धा नाही. पोरं कंटाळून झेंड्यांनी मारामाऱ्या करायला लागली.

समोर सीफानच्या अडसराशी जावयाचा टेंपो येऊन थांबला. मागे चटईवर कुणीतरी आडवं होतं आणि लात्सामी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी रबरी पिशवी दाबत होती. इस्पितळातून घरी आणताना देतात ती. घरच्यांनी ती दाबत राहायची, तोवर माणूस श्वास घेतं. आमच्याकडे ही पिशवी पोरंसुद्धा ओळखतात.

सीफानने रस्त्यापलीकडून माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला असता तर त्याने अडसर उचलला असता. त्याला दुसरं काही नको होतं.

मी वॉकीटॉकी उचलला. म्हटलं साहेब, एक आजारी बाई आहे, रस्ता ओलांडायचाय. साहेबांनी विचारलं, "इस्पितळाकडे ना?" त्यांनीच शब्द तोंडात दिला होता. हो म्हणायचं, की झालं. मी म्हटलं, "नाही, घराकडे." ते म्हणाले, "मग थांबू दे. ताफा निघालाय."

लात्सामी ओरडली नाही. एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पिशवीकडे. मी तिथेच उभा राहिलो. ताफा निघाला निघाला म्हणत यायला केवढा वेळ लागला, देव जाणे. पाय उचलत होतो आणि ठेवत होतो. मग मोटारसायकली, मग काळ्या काचांच्या गाड्या. पोरांनी झेंडे हलवले. मी हात जोडले, आणि हसलोही, कारण हसायचं ठरलं होतं. आत कोण होतं, कुणी पाहिलं की नाही, काही दिसलं नाही.

अडसर उठल्यावर धावत टेंपोत चढलो. बुआवानचा हात धरला. मला कळलं. लात्सामी दाबतच होती. म्हणाली, "आई आहे अजून बाबा. चला लवकर." छाती वर-खाली होत होती, पण ती लात्सामीच्या हातांमुळे.

घराशी सगळी वस्ती जमली होती. वर माजघरात चटई अंथरलेली दिसत होती, मेणबत्त्या लावलेल्या. थोंगदाम दादा जिन्याच्या पायथ्याशी, टेंपोकडे तोंड करून उभा. त्याने आत पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहून विचारलं, "इनपेंग, आहे ना ती?"

मी म्हटलं, "नाही दादा."

"नीट बघून सांग. तू नायबान आहेस, तू सांगशील ते खरं. आहे ना ती?"

आजवर इतके खोटे अहवाल दिले. पण तिचा हात माझ्या हातात होता, आणि महिनाभर मी तिच्याशी, स्वतःशी खोटं बोलत आलो होतो. कुणाला तरी एकदा खरं सांगावं असं झालं होतं. मी म्हटलं, "ती गेली, दादा. रस्त्यावरच गेली."

दादाने डोळे मिटले. बायका रडायला लागल्या. लात्सामीचे हात थांबले. मग टेंपो मागे वळवून देवळाकडे नेला, जिन्याला तिचा हातही लागला नाही.

मला एक कळत नाही, दादाने दोनदा का विचारलं? त्याला कमी ऐकू येतं असं कधी वाटलं नव्हतं.

२८ जानेवारी

देवळातच ठेवलीय. बैठक संपेपर्यंत धूर नको, गर्दी नको, वाजंत्री नको. आमच्याकडे मृताला एकटं वाटू नये म्हणून लोक पत्ते खेळतात, पितात, गोंगाट करतात. इथे सगळे कुजबुजत बसले होते. हे नियमही मीच घरोघर जाऊन सांगितले होते. तिला अशी शांतता कधीच आवडली नसती.

३० जानेवारी

काल अग्नी दिला. फोनसाय साहेब आज भेटायला आले. मनापासून वाईट वाटलं होतं त्यांना, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "तुमची मंडळी आहे एवढं बोलायचं होतं हो, नायबान. मी ताफा अर्धा मिनिट थांबवला असता. थांबवता येतो." मी म्हटलं, हो साहेब. चहा घेऊन गेले. ते गेल्यावर मी न्हाणीत जाऊन तोंडात पंचा कोंबला आणि रडलो.

लात्सामीला विचारलं, मामाने दोनदा का विचारलं असेल? ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "तो हात पुढे करून उभा होता, बाबा. तुम्ही हो म्हणायची वाट बघत होता. मीही बघत होते. सगळी वस्ती बघत होती."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

६ फेब्रुवारी

दादाला विचारायला गेलो, की आता मंत्र म्हणून, काही करून तिला घरात बोलावता येईल का? तो म्हणाला, भिक्खूंना दान दे, पुण्य पोचेल. पण वर बोलावू नकोस, घराला आणि वस्तीला बाधेल. मग म्हणाला, "तू हो म्हणाला असतास तर मी खांद्यावरून वर नेली असती रे. पाप मी घेतलं असतं." मी त्याच्या पाया पडून निघालो.

घरी दोन दिवस घास उतरला नव्हता. वर बसून जेवायला लागलो की वाटतं, ही खाली रस्त्यावर उभी आहे आणि मी भात खातोय. आज दुपारी भाताची करंडी, भाजलेली मासळी आणि मिरचीची चटणी घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बसलो, टेंपो जिथे थांबला होता तिथे. महापालिकेचे लोक झेंड्यांचे खांब काढत होते. एकाने ओळखलं, नायबान म्हणून हात जोडले, आणि मग मी काय करतोय ते बघून दुसरीकडे गेला. पहिला घास खाली पानावर ठेवला, दुसरा मी खाल्ला. उतरला. तिच्याशी बोललो थोडं. पिशवी दाबून दाबून लात्सामीच्या हाताला फोड आलाय, तो बरा होतोय, असं सांगितलं.

परत आल्यावर लात्सामी जिन्यात उभी होती. लोक हसतील म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. मी म्हटलं, हसू देत. तुझी आई आत येऊ शकत नाही, तर जेवायला मीच बाहेर जाईन. उद्या चटई न्यायला हवी, तिथला दगड फार गार लागतो.